घरी गाडी धुण्याचे टॉवेल आणि ब्रश : दहा महिन्यांच्या वापरानंतर

गाडी गडद निळी आहे, हे आधी सांगते, कारण पुढचा सगळा खटाटोप त्या रंगामुळे सुरू झाला. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवर जे बारीक ओरखडे वर्षानुवर्षं नजरेला पडत नाहीत, ते गडद रंगावर लपत नाहीत. गेल्या डिसेंबरात एका संध्याकाळी पार्किंगमध्ये हातातून किल्ली पडली म्हणून मोबाइलचा टॉर्च लावला. उजेड बॉनेटवर पडला आणि त्याच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या शेकडो गोल रेषा उमटल्या. टॉर्च सरकवला की जाळंही सरकायचं. गाडी जेमतेम दीड वर्षाची, कुठे घासलेली नाही, ठोकलेली नाही. त्या रेषा आम्हीच पाडल्या होत्या, रोज सकाळी कोरड्या फडक्याने गाडी पुसून. मला त्या रात्री खरंच वाईट वाटलं.

आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याला राहतो. आजूबाजूला तीन इमारतींची कामं चालू आहेत, त्यामुळे गाडीवर बसणारी धूळ म्हणजे नुसती माती नसते, तिच्यात सिमेंट आणि क्रश सँडचा चुराही असतो. रंगावरचा क्लिअर कोटचा पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या डोक्यावरच्या केसापेक्षाही पातळ. पॉलिश करून ओरखडे काढता येतात, पण पॉलिश म्हणजे तोच थर थोडा थोडा तासणं, ते काही दर वर्षी करायची गोष्ट नाही. मी एकदा करून घेतलं आणि त्यानंतर गाडीला काय लावायचं आणि काय अजिबात लावायचं नाही, यात लक्ष घातलं.

मला उशिरा कळलेली गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकते. हाताला मऊ लागणं एवढ्यावर कापड निवडू नका. उचललेली घाण कुठे जाते, ते बघा. कापडाला लव असेल तर कण लवेच्या आत शिरतो आणि रंगापासून लांब राहतो. सपाट विणीच्या कापडात त्याला जायला जागाच नसते. तो कापड आणि रंग यांच्यामध्ये अडकतो आणि आपण त्यालाच दाबून दाबून फिरवतो. बाबांचा जुन्या सुती बनियनवर फार विश्वास. धुऊन धुऊन तो लोण्यासारखा मऊ होतो हे खरं आहे, पण त्याला लव नसते आणि शिवणी तशाच राहतात. मी बाबांना टॉर्चखाली बॉनेट दाखवलं, तेव्हापासून बनियन फक्त सायकलला लागतो.

पहिली खरेदी फसली. ऑनलाइन दहा मायक्रोफायबर कापडांचा संच घेतला, पाकिटावर ठळक '८०० जीएसएम' लिहिलेलं. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. हे घरी तपासता येतं. ४० बाय ४० सेंटीमीटरचं कापड ०.१६ चौरस मीटर भरतं, म्हणजे ८०० जीएसएमच्या कापडाचं वजन १२८ ग्रॅम हवं. मी ओट्यावरच्या वजनकाट्यावर ठेवलं तर ७८ ग्रॅम भरलं. हिशेब केला तर पाचशेच्याही आत. तेव्हापासून नवीन कापड आलं की आधी काट्यावर जातं. जास्त जीएसएम म्हणजे चांगलं, असं मात्र नाही. कामापुरती जाडी हवी आणि जेवढी लिहिलीय तेवढी हवी, एवढंच.

दुसरी तपासणी काडेपेटीची. कडेचा एक धागा ओढून मोरीत पेटवायचा. सुती धागा जळून कागदासारखा वास येतो आणि राख होते. पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. चांगलं मायक्रोफायबर पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड यांच्या मिश्रणाचं असतं, ८०:२० किंवा ७०:३०. त्याचा तंतू एक डेनियरपेक्षाही बारीक, म्हणजे ९००० मीटर लांब तंतूचं वजन एक ग्रॅमसुद्धा भरत नाही. शिवाय तो उभा चिरलेला असतो. हाताच्या भेगांमध्ये ते कापड अडकल्यासारखं वाटतं ना, ते या चिरांमुळेच. धूळ आणि पाणीही तिथेच धरलं जातं.

तिसरी तपासणी मला सगळ्यात उपयोगी पडली. घरात जुन्या सीडी पडल्या होत्या. सीडीच्या चकचकीत बाजूवर कापड बऱ्यापैकी दाबून दहा-पंधरा वेळा घासायचं आणि उजेडात तिरकं धरून बघायचं. त्या पहिल्या संचातल्या कापडाचा मधला भाग ठीक निघाला, पण काठाच्या शिलाईने स्वच्छ रेघा ओढल्या. नायलॉनचं लेबल तर त्याहून वाईट. आता रंगासाठी बिनकाठाचंच कापड घेते आणि लेबल असेल तर उसवून काढते. कात्रीने कापू नका, त्याचं खुंट राहतं आणि तेच जास्त टोचतं.

आता कुठे काय लागतं ते. उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर येतात, तेव्हा पाईप लावून गाडी धुणं मनाला पटत नाही आणि सोसायटीतही चालत नाही. म्हणून मी एका बादलीत धुते. दहा लिटर पाणी, त्यात रिन्सलेस वॉश, म्हणजे नंतर पाण्याने खळबळून काढावं न लागणारं गाडी धुण्याचं द्रावण, आणि ३५० ते ४०० जीएसएमची आठ कापडं. कापडाची चार पदरी घडी घातली की त्याला आठ बाजू मिळतात. एका पट्ट्याला एक बाजू, सरळ रेषेत, वरून खाली, हात अगदी हलका. आठ बाजू संपल्या की ते कापड बाजूच्या टोपलीत जातं. बादलीत परत बुडवायचं नाही, मग कितीही स्वच्छ दिसो. टपापासून सुरुवात आणि दारांचा खालचा भाग शेवटी, कारण चिखलाचे शिंतोडे तिथेच असतात. लवेचा हातमोजाही घेतला होता, शेवयांसारखी लोंबती टोकं असलेला. धुवायला छान वाटतो, पण शेवयांच्या मुळाशी बसलेली वाळू मला कितीही खळबळून पूर्ण निघालेली दिसली नाही. तो आता खालच्या भागालाच वापरते. पावसाळ्यात मात्र बादलीची पद्धत एकटी पुरत नाही. आधी पाण्याच्या मोठ्या फवाऱ्याने चिखल सोडवायचा, मगच कापड लावायचं.

सुकवण्याच्या टॉवेलवर थोडे जास्त पैसे घालवा, हे मी मनापासून सांगते. टँकरचं पाणी जड असतं. उन्हात ते पाच मिनिटांत सुकतं आणि क्षारांचे पांढरे गोल ठिपके राहतात, आणि गडद रंगावर ते ओरखड्यांइतकेच डोळ्यांत भरतात. माझ्याकडे पिळदार फाशांचा, म्हणजे ट्विस्टेड लूपचा, ५० बाय ८० सेंटीमीटरचा ६०० जीएसएमचा टॉवेल आहे. कोरडा असताना वजन २४० ग्रॅम. बॉनेटवर पसरायचा आणि दोन टोकं धरून अलगद ओढायचा, पाणी टीपकागदासारखं उचललं जातं. घासायची गरजच पडत नाही. एका मैत्रिणीकडे १२०० जीएसएमचा भलामोठा टॉवेल आहे, तो भिजला की टपावर टाकायला दोन माणसं लागतात. पेट्रोल पंपावर सगळीकडे दिसतो तो पिवळा शॅमॉय, म्हणजे चामड्यासारखा पुसायचा तुकडा, मी काढून टाकला. पाणी शोषतो भरपूर, पण तो गुळगुळीत सपाट असल्याने चुकून राहिलेला एक कणही थेट रंगावर फिरतो.

काचेला लव चालत नाही, तिथे उलटा नियम. वॉफलच्या चौकटी विणीचं पातळ कापड, एक ओलं आणि एक कोरडं. बाकी काही नको. आतल्या काचेवर धुरकट थर बसतो तो उन्हात तापलेल्या डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमधून येतो, म्हणून ती काच बाहेरच्या काचेपेक्षा जास्त वेळा पुसावी लागते.

ब्रशांबद्दल मी आधी फार विचार केला नव्हता. टॉवेल जपून निवडायचे आणि ब्रश मिळेल तो, असं चाललं होतं. पहिल्याच महिन्यात चाकाचा ब्रश महागात पडला. अलॉयच्या आरांमधून आत घालायचा लांब नळकांड्यासारखा ब्रश होता, मधोमध पिळलेली लोखंडी तार. तिच्या टोकावरचं रबरी टोपण कधी निसटलं ते मला कळलं नाही. काळ्या ब्रेकधुळीने फेस काळा झालेला, आत काही दिसत नव्हतं, फक्त कर्र असा बारीक आवाज येत होता. पाणी मारलं तेव्हा रिमच्या आतल्या बाजूला नखात अडकेल एवढी खोल रेघ होती. आता प्लॅस्टिकचा दांडा आणि मायक्रोफायबरचं जाड आवरण असलेला ब्रश घेतला आहे. त्याला तार नाही. तरी दर वेळी धुण्याआधी टोक दाबून बघते.

बारीक जागांसाठी, म्हणजे नावाची अक्षरं, पुढची जाळी, आरसे आणि दारांच्या फटी, इथे टोकाशी चिरलेल्या मऊ कृत्रिम केसांचा गोल ब्रश हवा. असे तीन ब्रश सीडीवर घासून बघितले. एकाच्या केसांनी काहीच खूण सोडली नाही, दुसऱ्याने अगदी पुसट, तिसऱ्याने पहिल्या फटक्यात रेघा. तिन्ही हाताला जवळजवळ सारखेच मऊ लागत होते. फरक केसांच्या टोकांत आहे. भिंगातून पाहिलं तर पहिल्याची टोकं कुंचल्यासारखी फुललेली आणि तिसऱ्याची सरळ कापलेली दिसली. डुकराच्या केसांचेही ब्रश मिळतात आणि ते पाण्यात भिजून चांगले मऊ होतात, पण बऱ्याच घरांत ते चालत नाहीत, आमच्याही नाही. कृत्रिम केसांनी माझं काही अडलेलं नाही.

आतल्या धुळीसाठी हार्डवेअरच्या दुकानातला दोन इंची रंगाचा ब्रश उत्तम. एसीच्या जाळ्या, स्टिअरिंगमागचे कोपरे, सीटच्या शिलाया, सगळीकडे पोचतो. त्याच्या पत्र्याच्या पट्टीवर इन्सुलेशन टेपचे तीन-चार वेढे द्यायचे, नाहीतर पट्टी कुठेतरी लागतेच. गिअरभोवतीच्या पियानो ब्लॅक, म्हणजे चकचकीत काळ्या प्लॅस्टिकच्या पट्टीला मात्र कोणताही ब्रश लावू नका, अगदी मऊही नको. तिथे ओलसर कापड नुसतं ठेवायचं आणि उचलायचं.

टायरला आणि रबरी मॅटना महागडं काही नको. टायरला आखूड कडक नायलॉनचा ब्रश. मॅटना घरातला कपडे धुवायचा ब्रश मस्त चालतो, माझा चाळीस रुपयांचा आहे आणि दहा महिन्यांत त्याचा एक केस वाकलेला नाही.

एवढं सगळं जमवून एप्रिलमध्ये मीच घोळ घातला. घाईत टॉवेल मशीनमध्ये चादरींबरोबर टाकले आणि नेहमीच्या सवयीने फॅब्रिक कंडिशनरचं झाकण ओतलं. दोन चुका एकदम. चादरींचा सुती कापूस लवेत गुंतला आणि कंडिशनरचा थर तंतूंवर बसला. पुढच्या रविवारी तोच लाडका सुकवायचा टॉवेल पाणी टिपेना, नुसता पुढे ढकलत राहिला. कोमट पाण्यात लिक्विड डिटर्जंट घालून दोनदा रात्रभर भिजवला, कापसाचे कण हाताने वेचले, तेव्हा बराचसा सुधारला. पूर्ण पहिल्यासारखा झाला नाही. आता गाडीच्या कापडांची वेगळी बादली आहे, पाणी ४० अंशांच्या आसपास, इस्त्री नाही, कडक गरम हवेत सुकवणं नाही. वाळवायला घरातली दोरी. गच्चीवर वाळवले की बांधकामाची धूळ फुकट मिळते.

सोसायटीत गाड्या पुसणारे काका आहेत. त्यांना मी फडकं लावू नका म्हटलं तेव्हा ते खट्टू झाले. "ताई, ओलंच असतंय की फडकं," म्हणाले. त्यांनाही टॉर्च लावून दाखवलं. ते बराच वेळ वाकून बघत होते, मग हळूच म्हणाले, "एवढं कधी दिसलं न्हाई." त्यांचे महिन्याचे पैसे तेवढेच चालू आहेत, ते आता काचा आणि मॅट बघतात. त्यांना काचेची चार वॉफल कापडं दिली, ती ते माझ्यापेक्षा नीट सांभाळतात.

कापडं फक्त खाली उतरतात, हे आता घरात सगळ्यांना माहीत आहे. रंगावरून दारांच्या आतल्या कडांना, तिथून चाकांना, शेवटी इंजिनला आणि मग कचऱ्यात. एकदा चाकाला लागलेलं कापड परत रंगावर येत नाही, म्हणून मी रंग ठरवले आहेत : पिवळी रंगासाठी, निळी काचेसाठी, करडी चाकांसाठी. खंडेनवमीच्या पूजेनंतर बॉनेटवरची हळद पुसलेलं कापड थेट करड्यांत गेलं. हळद त्यातून निघाली नाही, आणि तिच्याबरोबर तांदळाचे दाणे आणि झेंडूचे देठही लवेत अडकले होते.

नव्याने घ्यायची वेळ आली तर आठऐवजी बारा पातळ कापडं घेईन, सुकवायचा टॉवेल तोच, तिन्हींतला पहिला ब्रश, तार नसलेला चाकाचा ब्रश. पहिला संच आणि तो लोंबता हातमोजा घेणार नाही.

परवा पुन्हा संध्याकाळी टॉर्च लावून पाहिलं. बॉनेट आणि टप स्वच्छ आहेत. मागच्या डाव्या दारावर चार-पाच रेषा दिसतात. त्या मे महिन्यातल्या आहेत. त्या दिवशी टॉवेल हातातून खाली फरशीवर पडला होता आणि मी तो नुसता झटकून त्याच दारावर फिरवला होता.