दहा रोमन नाणी, एक डबा, 9,500 रुपये

वडोदऱ्यात जुनी नाणी विकणारे मोजकेच आहेत, त्यामुळे दुकानाचं नाव लिहीत नाही. जुन्या शहरात, अरुंद जिन्याने वर गेलं की पहिल्या मजल्यावर. चपला खाली काढाव्या लागतात आणि परत येईपर्यंत त्या जागेवर असतील अशी आशा धरावी लागते.

मी तिथे गायकवाडी पैसे घ्यायला जाते. आमच्या घरात तो नाद सासऱ्यांपासून आहे. या खेपेला काउंटरवर निळ्या मखमलीचा एक डबा होता, झाकणावर 'रोमचे बादशाह, दहा नग' अशी चिठ्ठी. दुकानदार म्हणाला, "बेन, लई जाओ, आवुं फरी नहीं मळे." ते वाक्य तो प्रत्येक वस्तूबद्दल म्हणतो. दहा हजार सांगितले, साडेनऊवर तुटलं.

बँकेत 31 वर्षं कॅश काउंटरवर काढल्यामुळे एक खोड लागली आहे. समोर आलेली रक्कम मोजल्याशिवाय आणि उलटसुलट पाहिल्याशिवाय मी पावती देत नाही. घरी येऊन जेवणाच्या टेबलावर पांढरा रुमाल पसरला, भिंग घेतलं, आणि सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा मांडला. (ह्यांनी विचारलं, "आज स्वयंपाक आहे की नाही?" मी सेवउसळ मागवायला सांगितली.)

डब्याबद्दल आधी चांगलं सांगते. नाणी पुठ्ठ्याच्या होल्डरमध्ये आहेत, मऊ प्लास्टिकच्या पाकिटात नाहीत. त्या प्लास्टिकने वर्ष-दोन वर्षांत तांब्यावर चिकट हिरवा थर येतो, माझे दोन पैसे तसे वाया गेले आहेत. फिकट हिरवी पावडर एकाही नाण्यावर नव्हती. कुणी ॲसिडने घासून चकचकीतही केलेली नव्हती. काळसर-तपकिरी, खाचांत मातीचा रंग, हातात घेतल्यावर गार. एवढं मिळालं तरी अर्धे पैसे वसूल.

आता चिठ्ठ्या. त्यांनी मात्र घात केला आहे.

पहिली तीन नाणी मोठी, आपल्या जुन्या रुपयाच्या घेराची. मागच्या बाजूला तिन्हींवर एकच उघडा तरुण, एका हातात ताट आणि दुसऱ्या हातात फळांनी भरलेलं शिंग. पुढे तिन्हींवर एकच माणूस: जाड मान, चौकोनी जबडा, खुंटं वाढलेली दाढी. एकाच न्हाव्याकडे बसल्यासारखे. पण ते तिघे वेगळे आहेत, आणि सारखे दिसणं हेच त्यांचं धोरण होतं. डायोक्लेशियन 284 मध्ये गादीवर आला. एवढं राज्य एकट्याला झेपणार नाही म्हणून त्याने 286 मध्ये मॅक्सिमियनला बरोबरीचा बादशाह केलं, आणि 293 मध्ये दोघांच्या हाताखाली एकेक वारस नेमला. वरचे दोन ऑगस्टस, खालचे दोन सीझर. देवासला थोरली पाती आणि धाकटी पाती होत्या, तसं काहीसं, फक्त दुप्पट. चार जण, चार दरबार, आणि नाण्यावर एकच चेहरा, म्हणजे कुणी कुणाहून वेगळा वाटू नये.

डब्यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या, दोन्ही नाण्यांवर 'मॅक्सिमियन' अशी चिठ्ठी आहे. दुकानदाराचं चुकलं ते का चुकलं हे कळतं, कारण दोन्हींवर 'मॅक्सिमियानस' हीच अक्षरं आहेत. पण तिसऱ्यावर नावापुढे 'नोब सीझ' आहे, म्हणजे 'नोबिलिसिमस सीझर', धाकटी पाती. ही मोठी नाणी 294 च्या सुमाराला सुरू झाली. मॅक्सिमियन तोवर कधीच ऑगस्टस झाला होता. तेव्हा हा सीझर मॅक्सिमियानस म्हणजे गॅलेरियस, त्याचंही अधिकृत नाव तेच होतं. बँकेत एकाच नावाची दोन खाती असली की आम्ही वडिलांचं नाव बघायचो. इथे हुद्दा बघायचा. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत एक सकाळ घालवून खात्री करून घेतली, तेवढंच त्या काचेच्या फरशीवर चालणं झालं.

ही घडी डायोक्लेशियन असेपर्यंत टिकली. 1 मे 305 ला त्याने स्वतःहून पद सोडलं आणि मॅक्सिमियनलाही सोडायला लावलं. आमच्या ब्रांचला व्हीआरएस आली तेव्हा एक साहेब असेच दुसऱ्याच्या सांगण्यावरून गेले आणि पुढची तीन वर्षं रोज सकाळी ब्रांचमध्ये येऊन बसायचे. मॅक्सिमियनचं तेच झालं. दोन वर्षांच्या आत तो परत आला, कारण तोवर त्याच्या मुलाने, मॅक्सेन्टियसने, रोममध्ये स्वतःला बादशाह जाहीर केलं होतं. त्याआधी तीनच महिने, 25 जुलै 306 ला, ब्रिटनमध्ये यॉर्कला कॉन्स्टंटाइनचा बाप, म्हणजे चौघांतला चौथा, वारला आणि फौजेने तिथल्या तिथे मुलाला उचलून धरलं. नेमलेले वारस बाजूला, पोटचे वारस पुढे.

बडोद्याच्या माणसाला यात नवल वाटू नये. 1768 मध्ये दमाजीराव गेले आणि गोविंदराव, सयाजीराव, फत्तेसिंगराव यांचं काय चाललं ते आपल्याला माहीत आहे. आपल्याकडे निदान वस्त्रं द्यायला पुण्यात पेशवे होते. तिकडे वस्त्रं देणारा आणि घेणारा एकच. 308 मध्ये कार्नुंटमला बैठक भरली, निवृत्त डायोक्लेशियनलाही बोलावलं, मॅक्सिमियनला पुन्हा घरी बसवलं आणि लिसिनियस नावाचा आणखी एक ऑगस्टस नेमला. भांडण मिटवायला बसले आणि एक हिस्सेदार वाढवून उठले. मॅक्सिमियनने मुलाच्या अंगावरचा बादशाहीचा जांभळा झगा भर सभेत ओढला होता असं सांगतात. मग तो जावयाकडे, म्हणजे कॉन्स्टंटाइनकडे, राहायला गेला, 310 मध्ये त्याचीही गादी बळकावायला निघाला आणि त्यातच संपला.

चौथं नाणं मॅक्सेन्टियसचं. चिठ्ठी बरोबर आहे. मागे खांबांचं देऊळ, आत बसलेली रोमा देवी, आणि 'आपल्या नगरीचा रक्षक' अशा अर्थाचा मजकूर. बाकीचे सगळे सरहद्दीवर फिरत होते, रोम शहर याच्याकडे होतं, आणि तेच त्याने नाण्यावर वाजवून सांगितलं. 28 ऑक्टोबर 312 ला मिल्व्हियन पुलापाशी कॉन्स्टंटाइनने त्याला हरवलं आणि तो टायबर नदीत बुडाला. बरोबर सहा वर्षांपूर्वी त्याच तारखेला तो बादशाह झाला होता.

पाचव्या नाण्यासाठी मी हा डबा पुन्हा घेईन. पुढे कॉन्स्टंटाइन, नाव स्वच्छ वाचता येतं. मागे ज्युपिटर, हातात विजयादेवी, पायाशी गरुड. चिठ्ठीवर नुसतं 'कॉन्स्टंटाइन, देव'. पण कॉन्स्टंटाइनच्या स्वतःच्या टांकसाळीत त्या वर्षांत ज्युपिटर नव्हे, सूर्य चालायचा. ज्युपिटर लिसिनियसचा. नाण्याच्या तळाशी भिंगाखाली 'एस एम एन' दिसतं, म्हणजे निकोमीडिया, लिसिनियसच्या ताब्यातलं शहर. 313 मध्ये कॉन्स्टंटाइनने आपली सावत्र बहीण कॉन्स्टान्शिया लिसिनियसला दिली. दोघे साले-मेहुणे झाले आणि एकमेकांच्या नावाने नाणी पाडू लागले. आपल्या टांकसाळीत, आपल्या देवासह, समोरच्याचं तोंड. लग्नात वरपक्षाने व्याह्याला दिलेला आहेर असावा तसा हा तुकडा आहे. तीन वर्षांत दोघांच्या फौजा भिडल्या, तह झाला, आणि मग 324 मध्ये शेवटची लढाई.

आणि लगेच शेजारी सहावं, लिसिनियसचं स्वतःचं, त्या शेवटच्या काळातलं. पुन्हा ज्युपिटर, पण बाजूला एक चिन्ह: रोमन दहा, खाली दोन काड्या आणि अर्ध्याची खूण. साडेबारा. मेहुण्याच्या मुलखात ज्या नाण्याची किंमत पंचवीस, ते याने आपल्याकडे साडेबारावर आणलं. मी 8 नोव्हेंबर 2016 नंतरचे पन्नास दिवस काउंटरच्या आत काढले आहेत, त्यामुळे त्या चिन्हाकडे बघताना मला ज्युपिटर दिसत नाही, निकोमीडियाच्या बाजारातली रांग दिसते. या नाण्यांवर लिसिनियस आणि त्याचा मुलगा एवढीच नावं येतात. आहेर बंद झाला होता. हरल्यावर कॉन्स्टान्शियाने भावाकडे नवऱ्याचा जीव मागितला, भावाने दिला, थेसालोनिकाला पाठवलं, आणि 325 मध्ये मारला.

सातवं क्रिस्पसचं, कॉन्स्टंटाइनच्या थोरल्या मुलाचं. 324 ची आरमारी लढाई यानेच जिंकून दिली. 326 मध्ये बापाने त्याला मृत्युदंड दिला आणि नाव सगळीकडून काढून टाकलं. का, ते आजही नक्की कुणी सांगत नाही. नाणी मात्र लोकांच्या कनवटीला राहिली, ती कोण परत मागणार. आपल्याकडे 1875 मध्ये मल्हाररावांना गादीवरून उतरवलं तेव्हा पैशावरचा 'म गा' (मल्हारराव गायकवाड) जाऊन 'स गा' (सयाजीराव) आला. माझ्याकडे दोन्ही आहेत आणि ते एकाच कप्प्यात ठेवते.

आठवं आणि नववं कॉन्स्टंटाइनच्या पुढच्या पोरांचं. आठवं कागदासारखं हलकं, दीड ग्रॅमच्या आसपास. डायोक्लेशियनचं माझ्या काट्यावर 9.4 भरलं होतं. चाळीस वर्षांत नाणं एवढं झिजलं, आणि ते हातांनी नव्हे, टांकसाळीत. नवव्यावर मजकूर आहे 'सुखाचे दिवस परत आले' आणि चित्र आहे घोड्यावरून पडणाऱ्या माणसाला भाला खुपसणाऱ्या शिपायाचं. यावर मी काही लिहीत नाही.

दहावं मॅग्नेन्टियसचं. डब्यातलं सगळ्यात देखणं नाणं, पाठीवर मोठं ख्रिस्ती चिन्ह, दोन्ही बाजूंना आल्फा आणि ओमेगा. दुकानदाराने डबा विकला तो याच्यावर. मला मात्र पाहिल्याबरोबर आवडलं नाही. अक्षरांच्या कडा साबणाची वडी वापरून गुळगुळीत व्हावी तशा. चित्राभोवतीच्या मोकळ्या जागेत टाचणीच्या टोकाएवढे खड्डे. बाकीची नऊ ठशाखाली ठोकलेली आहेत, त्यांच्या कडा चिरलेल्या आहेत. याच्या कडेवर गोल फिरणारी एक बारीक रेघ, कानशीने घासून लपवलेली. साच्यात ओतलेलं.

दुसऱ्या दिवशी परत गेले. दुकानदार म्हणाला, "बेन, असली ज छे, जुओ, बीजो पण छे," आणि खात्री पटावी म्हणून ट्रेमधून दुसरं काढून समोर ठेवलं. मी दोन्ही शेजारी ठेवून भिंग त्याच्याच हातात दिलं. दोन्हींवर कानामागे एकच ओरखडा, त्याच जागी, तेवढाच लांब. दोन खऱ्या नाण्यांचा ठसा एक असू शकतो, पण जमिनीत पडून लागलेला ओरखडा एक कसा असेल? तो बराच वेळ बघत राहिला. मग ट्रेमधलंही उचलून खिशात टाकलं. वाद घातला नाही, हे त्याच्या बाजूने लिहिलं पाहिजे. पैसे परत देतो म्हणाला, मी म्हटलं नाणं द्या.

बदली मिळालेलं मॅग्नेन्टियसचंच, पण साधं: दोन विजयादेवी ढाल धरून. झिजलेलं आहे, एक देवी तर नुसती सावली उरली आहे. पण ठोकलेलं आहे, आणि चेहरा राहिला आहे. डोकं उघडं, ना मुकुट ना मोत्यांची पट्टी. जानेवारी 350 मध्ये त्याने बंड केलं, कॉन्स्टंटाइनचा धाकटा मुलगा कॉन्स्टन्स त्यात मारला गेला. पुढच्या वर्षी मुर्साला कॉन्स्टँशियसशी, म्हणजे नवव्या नाण्यावरच्या माणसाशी, लढाई झाली आणि दोन्हीकडची माणसं इतकी पडली की सरहद्दीवर उभं राहायला शिपाई पुरेनात. 353 मध्ये मॅग्नेन्टियसने स्वतःला संपवलं. होल्डर मी आता त्या दोघांचे शेजारी ठेवले आहेत, तोंडं एकमेकांकडे.

घ्यावा का? घ्यावा, पण काटा आणि भिंग घेऊन जावं, आणि चिठ्ठ्या काढून टाकाव्यात. पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण दुकानदाराने ट्रेमधलं नाणं खिशात टाकलं त्याचा.

निघताना विचारलं की व्हेट्रानियो मिळेल का. मॅग्नेन्टियसच्या बंडाच्याच वर्षी डॅन्यूबकडच्या फौजेने या म्हाताऱ्या सेनापतीला बादशाह केलं होतं. 25 डिसेंबर 350 ला कॉन्स्टँशियसने सगळ्या फौजेसमोर भाषण करून त्याचे शिपाई फितवले, आणि याने मुकाट्याने झगा उतरवून दिला. त्याला मारलं नाही. पेन्शन दिली, प्रुसाला घर दिलं, आणि तो आणखी सहा वर्षं जगला. या सगळ्या डब्यात बसण्यासारखा तो एकटाच, ज्याच्याशी माझं काही जमेल. दुकानदार म्हणाला, "ए मोंघो पडशे, बेन." मी म्हटलं, बघून ठेवा, एरियर्स आले की येते.