३०८एल, ३०९एल की ३१६एल? घरी दोन वेगळे स्टेनलेस जोडताना रॉड कोणता घ्यावा

बाल्कनीच्या रेलिंगचा खांब निखळलाय, घरात छोटं इन्व्हर्टर मशीन आहे, एक पाइप ३०४ या नेहमीच्या ग्रेडच्या स्टेनलेसचा आहे आणि दुसरा कशाचा ते धड माहीत नाही. मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात जाऊन नुसतं ‘एसएसचा रॉड द्या’ म्हटलंत, तर बहुतेक वेळा ३०८एल हातात पडतो (एल म्हणजे कमी कार्बनचा). वाईट नाही, पण दोन वेगळे धातू जोडायचे असतील तर माझी पसंती ३०९एलला आहे. घरात एकच पाकीट ठेवायचं असेल तर तेच ठेवा.

फरक कशात आहे ते बघा. ३०८एलमध्ये साधारण २० टक्के क्रोमियम आणि १० टक्के निकेल असतं. ३०९एलमध्ये हेच २४ आणि १३च्या आसपास जातं. रॉड वितळताना दोन्ही बाजूंचा धातूही वितळून त्यात मिसळतो, आणि साध्या रॉड वेल्डिंगमध्ये जोडाचा पाव हिस्सा तरी सहज मूळ धातूचा असतो. एका बाजूला साधं लोखंड असलं, म्हणजे स्टेनलेसचा खांब एमएसच्या बेसप्लेटवर बसवायचा असला, तर ३०८एलमधलं क्रोमियम-निकेल त्या लोखंडाने पातळ होतं. जोडात कडक पण ठिसूळ भाग तयार होतो आणि तो तडकू शकतो. दिसायला शिवण छान असते, खांबाला धक्का बसला की कळतं. ३०९एलमध्ये मुळातच जास्तीचं क्रोमियम-निकेल असल्यामुळे एवढी मिसळण तो पचवतो.

दोन्ही बाजू ३०४ असल्याची खात्री असेल तर ३०८एल पुरेसा आहे आणि स्वस्तही. ३०४ला २०२ जोडायलाही तो चालतो. मुंबईत कमी दरातल्या रेलिंगमध्ये २०२ सर्रास असतं. त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त. चुंबक लावून ३०४ आणि २०२ वेगळे ओळखता येतात, हा समज मात्र काढून टाका. दोन्ही चुंबकाला जवळपास दाद देत नाहीत आणि वाकवलेल्या भागात दोन्ही किंचित ओढतात. मँगनीज दाखवणारं टेस्टिंग लिक्विड मिळतं, त्याचा थेंब टाकून बघा. चुंबक घट्ट चिकटलं तर तो पत्रा ४३०सारखा, म्हणजे चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेसचा असू शकतो किंवा चक्क पॉलिश केलेलं लोखंडही. अशा शंकेच्या वेळी ३०९एलच घ्या.

आता ३१६एल. यात निकेल १२ टक्क्यांच्या आसपास आणि वर २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम, जे खाऱ्या हवेतल्या गंजाला रोखतं. वरळी, माहीम, वर्सोव्याला समुद्रासमोर राहत असाल तर खारा वारा ३०४वरसुद्धा तपकिरी डाग पाडतो, हे तुम्ही रोज बघताच. तिथे ३१६ला ३०४ जोडायचं असेल तर ३१६एल वापरा. जोड ही अरुंद पट्टी असते, ती शेजारच्या पत्र्यापेक्षा कमकुवत असेल तर गंज आधी तिलाच धरतो. दर जास्त आहे, पण घरच्या कामाला रॉड लागतात किती? तिथे काटकसर करू नका. लोखंडाला स्टेनलेस जोडायला मात्र ३१६एल घेऊ नका, तिथे ३०९एलच.

३१२ नंबरचा रॉडही कोणी सुचवेल. ओळख न पटलेलं कडक स्टील किंवा तुटलेलं अवजार जोडायला तो उत्तम, पण रेलिंग-सिंकसाठी त्याची गरज नाही. ३१० घेऊच नका, जोड गरम असतानाच तडकण्याची त्याची प्रवृत्ती जास्त.

सुटे रॉड घेताना पकडीच्या टोकाजवळ कोटिंगवर छापलेला नंबर स्वतः वाचा: ई३०९एल-१६. शेवटचा १६ म्हणजे एसी आणि डीसी दोन्हींवर चालणारा. नंबर पुसला असेल तर परत द्या, कारण कोटिंग बघून ३०८ आणि ३०९ वेगळे करता येत नाहीत. पातळ पाइपला २ मिमीचा रॉड घ्या, २.५ मिमीला ५० ते ८० अँपिअर लागतात. स्टेनलेस लोखंडाच्या जवळपास दीडपट प्रसरण पावतं, म्हणून आधी टॅक, म्हणजे जागा पकडणारे छोटे ठिपके मारा, मग थांबत थांबत छोटे तुकडे भरा. पाकीट पावसाळ्यात उघडं राहिलं तर कोटिंग ओल धरतं आणि जोडात छिद्रं पडतात. ते सुकवायला २५० ते ३५० अंशांची भट्टी लागते, म्हणून छोटं पाकीट घ्या आणि हवाबंद डब्यात ठेवा.

खिडकीच्या जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी ग्रिलला स्टेनलेस जोडायचं असेल तर आधी जोडाच्या दोन्ही अंगांना इंचभर जस्त घासून पूर्ण काढा. वितळलेलं जस्त स्टेनलेसमध्ये शिरून तडे पाडतं, मग रॉड ३०९एल असला तरी उपयोग नाही. जस्ताचा धूर छातीत गेला तर ताप येतो, आणि स्टेनलेसच्या धुरातलं क्रोमियमही घातकच. हे काम बंद खोलीत नको, बाल्कनीत किंवा गच्चीवर वारा पाठीशी घेऊन करा.