सापाच्या पेटीत काय अंथरावं: कागद, लाकडाचा भुसा, कोकोपीट की जिवंत माती?

पहिला साप आणण्याआधी लोक त्याच्या खाण्याबद्दल खूप विचारतात. सफाईबद्दल फारसं कोणी विचारत नाही. खायला आठवड्यातून एकदा किंवा त्याहून कमी वेळा घालायचं असतं, पेटीकडे मात्र रोज बघावं लागतं. ते बघणं किती किचकट होणार, हे बरंचसं तळाशी काय अंथरलंय त्यावर ठरतं.

साप स्वतः अगदी कमी घाण करतो. त्याला घामाच्या ग्रंथी नसतात, त्यामुळे निरोगी सापाच्या अंगाला वास येत नाही. खाल्ल्यानंतर काही दिवसांनी तो विष्ठा टाकतो. सोबत खडूसारखा पांढरट-पिवळट गोळा असतो, तो युरिक ॲसिडचा, म्हणजे सापाची लघवीच. हे सगळं उबदार, दमट, बंद पेटीत पडून राहिलं की जंतू, बुरशी आणि माइट्सना (सापाच्या अंगावर जगणाऱ्या बारीक परजीवींना) रान मोकळं मिळतं.

कागदापासून सुरुवात करू, कारण नवख्यासाठी माझं मत त्याच्याच बाजूने आहे. साधं वर्तमानपत्र किंवा जाड टिश्यू पेपर. दिसायला रुक्ष, पण त्यावर काहीच लपत नाही: विष्ठा पातळ झाली, त्यात रक्त आलं, सापाने भक्ष्य उलटून टाकलं, सगळं लगेच दिसतं. सापांवरच्या माइट्स टाचणीच्या टोकाएवढ्या काळ्या ठिपक्यांसारख्या असतात. त्या डोळ्यांभोवती आणि हनुवटीखाली दडतात किंवा पाण्याच्या भांड्यात बुडून मरतात. पांढऱ्या टिश्यूवर त्या पहिल्या काही दिवसांतच नजरेस येतात, भुशात कळेपर्यंत त्यांची पुढची पिढी तयार झालेली असते. म्हणून नवा साप, मग तो कुठूनही आणलेला असो, पहिले एक ते तीन महिने कागदावरच असावा. कागदाचे तोटेही खरे आहेत. तो ओलावा धरत नाही, सापाला त्यात बिळासारखं शिरता येत नाही, आणि एका कोपऱ्यात घाण झाली तरी अख्खा कागद बदलावा लागतो. अर्थात ते काम पाच मिनिटांचं.

कॉर्न स्नेकसारख्या, तुलनेने कोरड्या हवेत राहणाऱ्या सापांना ॲस्पेन लाकडाच्या पातळ ढलप्या मानवतात. त्यात साप बोगदे करतो आणि ते बोगदे ढासळत नाहीत. घाण झाली की तिच्याभोवतीच्या ढलप्यांसकट मूठभर उचलून टाकायचं, साधारण महिन्याने सगळं बदलायचं. ॲस्पेन भिजलं की मात्र थोड्याच दिवसांत बुरशी धरतं, तेव्हा पाण्याचं भांडं जड हवं, सापाने उलथवता न येण्यासारखं. सीडर, म्हणजे देवदाराच्या जातीचं सुगंधी लाकूड, कधीच वापरू नये, त्यातली तेलं सापांना विषारी ठरतात. पाइनबद्दल मतभेद आहेत. ॲस्पेन मिळत असताना त्या वादात पडायचं कारण नाही.

बॉल पायथनला, म्हणजे एका लहान जातीच्या अजगराला, जास्त ओलावा लागतो, तिथे ॲस्पेन बाद आणि कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, पुढे. ते पाणी धरून ठेवतं आणि हळूहळू सोडतं. अडचण अशी की तपकिरी थरावर तपकिरी घाण दिसत नाही, ती नाकाने शोधावी लागते. दुसरं, ओलावा खालच्या थरात असावा, वरचा पृष्ठभाग हाताला कोरडा लागावा. साप सतत ओल्या, घाणेरड्या थरावर पडून राहिला तर पोटाकडचे खवले लालसर होतात, फोड येतात आणि खवले कुजायला लागतात. पेटी कोरडी करून सापाला पशुवैद्याकडे न्यावंच लागतं.

चौथा पर्याय, म्हणजे जिवंत माती, फोटोंत सगळ्यात देखणा. तळाशी निचऱ्याचा थर, वर माती, पालापाचोळा, खरी झाडं, आणि सफाई कामगार म्हणून स्प्रिंगटेल व आयसोपॉड नावाचे बारीक जीव. स्प्रिंगटेल बुरशी खातात, आयसोपॉड विष्ठा आणि पाचोळा कुरतडतात. ‘यात सफाई करावीच लागत नाही’ असं जे सांगतात त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. लहान कॉर्न स्नेकची घाण हे जीव जिरवतील, पण थोराड अजगराचा ढीग तुम्हालाच उचलायचा आहे. काच पुसणं आणि भांडं घासणंही सुटत नाही. त्यातून माइट्स आल्या तर पंचाईत होते: औषधाने माइट्सबरोबर हे कामगारही मरतात आणि सगळी माती फेकावी लागते. वर्षभर साप नीट सांभाळला, विष्ठेची तपासणी निर्दोष आली, तर मग हौस जरूर करा. पहिल्या सापासाठी नको.

पेटी धुताना काय वापरायचं, हा निर्णय त्या मानाने सोपा आहे. आधी साबणाच्या पाण्याने घाण काढायची, कारण घाणीवर ओतलेलं जंतुनाशक वाया जातं. मग घरगुती ब्लीच, एक भागाला तीस भाग पाणी, त्याच दिवशी कालवलेलं. दहा मिनिटं ओलं ठेवून खळखळून धुवायचं आणि वास पूर्ण जाईपर्यंत वाळवायचं. क्लोरहेक्सिडीन या दुसऱ्या जंतुनाशकाला उग्र वास नसतो, त्यामुळे लहान घरात ते सोयीचं, पण काही चिवट जंतूंवर ते कमी पडतं. व्हिनेगर फक्त क्षारांचे पांढरे डाग काढायला चांगलं. ते ब्लीचमध्ये मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो. फिनाईल पेटीजवळ आणूच नये. सापांच्या जठरात वाढणाऱ्या क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीला ब्लीच आणि क्लोरहेक्सिडीन दोन्ही नीट मारत नाहीत. तिथे वाफ किंवा उकळतं पाणी लागतं, आणि लाकडी वस्तू सरळ टाकून द्याव्या लागतात.

सापाला आंघोळ घालावी का? स्वच्छतेसाठी गरज नाही. अंगाला विष्ठा लागली तर कोमट पाण्याने भिजवलेला मऊ कपडा पुरे, साबण अजिबात नको. कात तुकड्या-तुकड्यांनी निघत असेल तर टबापेक्षा ओलसर शेवाळ भरलेली लपायची डबी बरी, कारण तिथे साप आपल्या मर्जीने जातो-येतो आणि घाबरत नाही.

उरलं पाण्याचं भांडं. ते रोज धुवा, आतून बोटाला बुळबुळीत लागलं तर घासा. एकसारखी दोन भांडी ठेवली की एक वाळत असताना दुसरं पेटीत राहतं. ही धुलाई स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये करू नका. निरोगी दिसणाऱ्या सापाच्या आतड्यातही साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जंतू असू शकतो, आणि तो अधूनमधूनच विष्ठेतून बाहेर पडत असल्याने एका तपासणीत न सापडणं म्हणजे साप निर्धोक असं नाही. बादली, ब्रश, फडकी वेगळी हवीत, आणि काम संपल्यावर हात साबणाने किमान वीस सेकंद धुवायचे. घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर स्त्री किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेलं कोणी असेल, तर अंथरुणाचा विचार पुढे ढकला. आधी साप आणायचाच का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा.