साठचं चोवीस की पन्नासचं पंचवीस? यात्रा आणि लग्नं शूट करणाऱ्यांसाठी

साताऱ्याकडच्या व्हिडिओवाल्यांना एकाच शूटमधून दोन कामं काढावी लागतात. कमिटीला मंडपातल्या एलईडी स्क्रीनवर गुळगुळीत चित्र हवं असतं, आणि पुढे त्याच फुटेजमधून पिक्चरसारखी फिल्मही हवी असते. गुळगुळीत चित्राला सेकंदाला ५०-६० फ्रेम लागतात, पिक्चरच्या रूपाला २४-२५. म्हणून थेट २४ किंवा २५ फ्रेमवर शूट करायचा सरळ मार्ग बहुतेकदा बंदच. उरतात दोन वाटा: ६० वर घेऊन ऑप्टिकल फ्लोनं (सॉफ्टवेअर मधल्या फ्रेम अंदाजानं रचतं ती पद्धत) २४ करायचं, किंवा ५० वर घेऊन एकाआड एक फ्रेम गाळून २५ करायचं.

मी दोन्ही वापरल्यात. ऑप्टिकल फ्लो वाईट नाही. अजिंक्यताऱ्यावरून शहराकडे केलेला संथ पॅन किंवा नवरीचा शांत क्लोजअप यात तर फरक शोधूनही सापडत नाही, आणि रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फुकटच्या आवृत्तीतही तो मिळतो. शेजारच्या दोन फ्रेम एकमेकींत मिसळणाऱ्या फ्रेम ब्लेंडवर मात्र फार बोलण्यासारखं नाही. हलगीच्या एका काडीच्या दोन दिसतात.

माझा निर्णय झाला तो भंडाऱ्यावर. कराड तालुक्यातल्या पालला पौषात खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं, तेव्हा भंडारा-खोबऱ्याच्या उधळणीत समोरचा माणूस दिसेनासा होतो. ऑप्टिकल फ्लो काय करतो, तर चित्रातला कुठला भाग कुठून कुठे सरकला याचा अंदाज बांधून मधली फ्रेम स्वतः रचतो. भंडाऱ्याच्या लोटात ओळख पटेल असं काही नसतंच. मग खोबऱ्याचे तुकडे लांबट होतात, मागच्याचा फेटा भंडाऱ्याबरोबर ओढला जातो. त्यात ६० भागिले २४ म्हणजे अडीच, त्यामुळे एक फ्रेम मूळची, पुढची रचलेली, परत मूळची. बिघाड सलग असता तर कदाचित खपूनही गेला असता, पण तो लुकलुकतो. थांबवून बघितलं तर निम्म्या फ्रेम स्वच्छ, प्ले केलं की सगळा लोट थरथरतो. लग्नात अक्षता पडतात तेव्हाही तेच. म्हणजे ज्या क्षणासाठी कॅमेरा नेला, नेमका तोच बिघडतो. तेवढा तुकडा कापून नुसत्या फ्रेम गाळाव्यात, तर एकदा दोन, एकदा तीन अशा विषम उड्या पडतात आणि पालखीची चाल अडखळते. हे मला सोसलं नाही.

५० ला दोनानं भाग जातो, सॉफ्टवेअरला काही रचावंच लागत नाही. टाइमलाइन २५ ची, रिझॉल्व्हमध्ये रिटाइमची (वेग बदलायची) सेटिंग ‘नियरेस्ट’वर, प्रीमियर या दुसऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ‘फ्रेम सॅम्पलिंग’. अट एकच, शटर (एका फ्रेमवर प्रकाश पडायचा वेळ) १/५० सेकंद. सवयीनं १/१०० ठेवलं तर गाळल्यावर हालचाल तुटक दिसते, कारण सिनेमाची जी पुसट हालचाल आपल्या डोळ्यांत बसलीय ती २४ फ्रेम आणि १/४८ च्या आसपासच्या शटरची आहे. १/५० ठेवलं की गाळून उरलेलं फुटेज थेट २५ वर घेतल्यासारखंच दिसतं. ६० वर हे जमत नाही. एका फ्रेमच्या वाट्याला १/६० सेकंदच येतो, शटर त्याहून संथ करता येत नाही. आणि १/६० वर आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवरच्या ट्यूबलाइटी, स्वस्त एलईडी माळा चित्रात पट्टे मारतात. रात्रीच्या छबिन्यात हे फार जाणवतं.

५० च्या वाटेतही अडचणी आहेत. १/५० वर घेतलेलं फुटेज स्लो मोशनला पुसट पडतं. तुमच्या फिल्मचा जीव स्लो मोशनमध्ये असेल तर ६० घेणंच बरं. त्या फ्रेम २४ वर जशाच्या तशा चालवल्या की ४० टक्के वेग मिळतो, एकही रचावी लागत नाही. दिवसा उन्हात १/५० साठी प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर लागतो. कुणी २४ च मागितलं तर २५ चं सगळं ४ टक्के संथ होतं आणि आवाजाची पट्टी किंचित उतरते, ती सावरून घ्यावी लागते. २४ आणि २५ मधला फरक नुसत्या डोळ्यांनी ओळखणारा मला तरी अजून भेटलेला नाही.

प्री-वेडिंग, मुलाखती, निसर्ग असं काम असेल तर ऑप्टिकल फ्लोवर तुमचं भागेल, मी आग्रह करणार नाही. पण हवेत भंडारा, गुलाल, अक्षता असणार असतील तर ५० आणि १/५० एकदा करून बघाच. फक्त रिझॉल्व्हमध्ये पहिली क्लिप आणायच्या आधी प्रोजेक्टचा फ्रेम रेट २५ करून घ्या, नंतर तो बदलू देत नाही.