हसलर्स युनिव्हर्सिटी: फी भरा, जाहिरातही तुम्हीच करा

२०२२च्या मध्यावर अँड्र्यू टेट हा माजी किकबॉक्सर ज्याच्या त्याच्या मोबाइलवर दिसायला लागला. त्याचं श्रेय त्याच्या जिभेइतकंच त्याच्या ‘हसलर्स युनिव्हर्सिटी २.०’ या शिकवणीला जातं. महिना ४९.९९ डॉलर, तेव्हाच्या भावाने चार हजार रुपयांच्या आसपास. नाव युनिव्हर्सिटी, प्रत्यक्षात डिस्कॉर्ड या चॅटिंग ॲपवरचा भलामोठा ग्रुप. (आपल्याकडे कायद्याने स्थापन न झालेल्या संस्थेला ‘विद्यापीठ’ म्हणवून घ्यायला यूजीसी कायद्याची मनाई आहे, ती उगीच नाही.)

आत कॉपीरायटिंग (जाहिरातीचा मजकूर लिहिणं), क्रिप्टो, ड्रॉपशिपिंग (स्वतः माल न साठवता ऑर्डर आली की पुरवठादाराकडून परस्पर पाठवणं) असे कप्पे आणि शिकवायला ‘प्रोफेसर’. या विषयांची प्राथमिक माहिती यूट्यूबवर फुकट पडलेली आहे. अडतं ते पुढे. ड्रॉपशिपिंगच घ्या: भारतात बराचसा माल जातो कॅश ऑन डिलिव्हरीवर. गिऱ्हाइकाने दारातच पार्सल नाकारलं की जाण्यायेण्याचं कुरिअर भाडं विकणाऱ्याच्या अंगावर, आणि ते गिऱ्हाईक आणायला केलेला जाहिरातीचा खर्च वेगळाच. शंभरातली पंचवीस परत आली की उरलेल्यांवरचा नफा त्यातच जिरू शकतो.

खरा जोर होता तो माणसं जोडण्यावर. आणलेल्या प्रत्येकामागे ४८ टक्के, म्हणजे २४ डॉलर. तिघे आणले की स्वतःची फी सुटून वर २२ डॉलर हातात. पद्धत सोपी: टेटच्या एखाद्या लांबलचक मुलाखतीचा व्हिडिओ उचलायचा, त्यातला सगळ्यात झोंबणारा अर्ध्या मिनिटाचा तुकडा कापायचा, झोंबणारं वाक्य पहिल्या दोन-तीन सेकंदांतच येऊ द्यायचं, उभ्या फ्रेममध्ये ठळक अक्षरं टाकायची आणि प्रोफाइलमध्ये आपली प्रवेशाची लिंक. विद्यार्थ्यांना प्रमाणसुद्धा सांगितलेलं होतं: ६० ते ७० टक्के चाहते, बाकीचे शिव्या घालणारे. कारण फॉलोअर किती यापेक्षा क्लिप शेवटपर्यंत पाहिली का आणि खाली भांडण जुंपलं का, यावर टिकटॉक ती पुढे ढकलतं. बायकांना कमी लेखणारं तो जे बोलायचा त्यावर संतापून लिहिलेली कॉमेंटही लिंकवाल्याच्या पथ्यावरच पडायची. ऑगस्ट २०२२पर्यंत त्याच्या नावाचा हॅशटॅग टिकटॉकवर ११ अब्जांहून जास्त वेळा पाहिला गेला. भारतात टिकटॉक २०२०पासून बंद, तरी रील्स आणि शॉर्ट्समधून स्वारी इथेही पोचली. जाहिरात करणारेच वर फी भरताहेत, या डोक्याला मात्र दाद द्यावी लागते.

पण हा धंदा एकाच तोंडावर उभा होता. ऑगस्ट २०२२मध्ये फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक आणि यूट्यूबने टेटला काढलं. त्याच महिन्यात कमिशनची योजनाही गुंडाळली गेली, आणि क्लिपा कापून कमावणाऱ्यांचा हप्ता थांबला. तोच माल पुढे ‘द रिअल वर्ल्ड’ या नावाने आला. २०२३मध्ये गूगल आणि ॲपलने ते ॲप आपापल्या स्टोअरमधून हटवलं. दरम्यान डिसेंबर २०२२मध्ये टेटला रोमेनियात अटक झाली होती. मानवी तस्करी आणि बलात्काराचे आरोप तो नाकारतो.

या साच्याचे कोर्स आता मराठीतही विकले जातात. पैसे भरण्याआधी एवढंच विचारा: नवीन माणूस आणल्याचं कमिशन वगळून जुन्या विद्यार्थ्यांनी कशातून किती कमावलं? त्याचा हिशेब कागदावर मागा. गाड्यांचे फोटो हिशेबात धरू नका.