वजन उतरवायची ‘बिनटाक्याची’ प्रोसिजर: पैसे भरण्याआधी सीडी आणि स्टिकर विचारा

परभणीकडच्या एका कुटुंबानं सोयाबीनची पट्टी आणि वर हातउसने मिळून अडीच लाख भरले. लेकीचं वजन 90 किलो. शिबिरात सांगितलं होतं की मनगटातून नळी घालायची, भुकेची नस बंद करायची, दुसऱ्या दिवशी घरी. वर्षात वीस किलो कमी. वर्ष सरलं, वजन 89.

प्रोसिजर थोतांड नाही, म्हणूनच माणूस फसतो. जठराच्या वरच्या भागात, फंडसमध्ये, घ्रेलिन हे भूक वाढवणारं संप्रेरक मुख्यतः तयार होतं. मनगटाच्या किंवा जांघेच्या धमनीतून कॅथेटर लेफ्ट गॅस्ट्रिक धमनीपर्यंत नेतात आणि 300 ते 500 मायक्रॉनचे कण सोडून तिथला रक्तपुरवठा कमी करतात. रक्ताच्या उलट्या थांबवायला ही धमनी बंद करणं जुनंच आहे. वजनासाठी मात्र ते अजून अभ्यासाच्या टप्प्यावर आहे. अमेरिकेत 20 जणांवर झालेल्या आणि 2019 साली छापून आलेल्या अभ्यासात बारा महिन्यांत सरासरी 7.6 किलो उतरले. त्या लोकांचं सुरुवातीचं सरासरी वजन 139 किलोच्या आसपास होतं, आणि आहाराचं मार्गदर्शनही सोबत चालू होतं.

शिबिराच्या माहितीपत्रकात छापलेले ‘11.5 टक्के’ त्याच अभ्यासातले. पण ते एकूण वजनाचे नव्हेत, जादा वजनाचे. या मुलीचं योग्य वजन 60 धरलं तर जादा 30, आणि त्याचे 11.5 टक्के म्हणजे जेमतेम साडेतीन किलो. वीस कुठून आले?

कण भलत्या फांदीत गेले तर जठराला अल्सर होतो, स्वादुपिंडाला सूज येते, प्लीहेचा तुकडा मरतो. म्हणून आधी एंडोस्कोपी आणि क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी. नंतर काही आठवडे आम्ल कमी करणारी गोळी आणि पुन्हा एंडोस्कोपी. या मुलीच्या फाईलमध्ये यातलं काहीच नव्हतं.

खरी मेख प्रोसिजरच्या चित्रांच्या सीडीत सापडली. धमनी बंद करण्याआधीच्या चित्रात फंडसवर डाय (धमनीत सोडलेलं, एक्स-रेत दिसणारं औषध) पसरलेला दिसतो, नंतरच्या चित्रात तो भाग कोरा पडायला हवा. या सीडीत फक्त आधीची चित्रं होती. कणांच्या कुपीचं, आकार आणि लॉट नंबर लिहिलेलं स्टिकरही फाईलला चिकटवलेलं नव्हतं. म्हणजे कण सोडल्याचा पुरावाच नाही. कागदावरून दिसते ती नुसती अँजिओग्राफी, म्हणजे डाय सोडून धमन्यांची काढलेली चित्रं.

कुणी ‘हा अभ्यास आहे’ म्हणालं तर सीटीआरआयचा (देशातल्या वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक आणि एथिक्स कमिटीची मंजुरी मागा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे संशोधनाचा खर्च सहभागी माणसावर टाकता येत नाही. एकीकडे अभ्यास म्हणायचं आणि दुसरीकडे पावती फाडायची, तर तिथून उठून या.

पैसे गेलेच असतील तर फाईल, सीडी, संमतीपत्र आणि बिलाच्या प्रती लेखी अर्ज देऊन मागा. 72 तासांत द्यायचा नियम आहे. ग्राहक आयोगात तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते, आणि ‘अजून तीन महिने थांबा, मग उतरेल’ म्हणत तीच खाल्ली जाते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.