शाळेचा मायक्रोस्कोप : पावसाळ्यासकट काही महिने वापरल्यावर

हा आरसावाला साधा कंपाउंड मायक्रोस्कोप सातवी ते दहावीच्या मुलांसाठी घेतलेला. १० आणि ४० पटींची ऑब्जेक्टिव्ह (वस्तूजवळची भिंगं), १० पटींचा आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) आणि वर २० चा एक जादा. खोक्यावर ‘८०० पट’ छापलंय ते या जादा आयपीसच्या जोरावर. ४० च्या ऑब्जेक्टिव्हचं न्यूमरिकल ॲपर्चर, म्हणजे बारीक तपशील टिपण्याच्या क्षमतेचा आकडा, साधारण ०.६५ असतं. त्याच्या हजारपट, म्हणजे साडेसहाशेच्या पुढं चित्र नुसतं फुगतं, नवीन काही दिसत नाही. तो आयपीस खोक्यातच राहू द्या.

पेशींसाठी मात्र यंत्र चोख. कांद्याच्या पाकळीच्या आतल्या, खोलगट बाजूचा पापुद्रा घ्यायचा, पाण्याच्या थेंबात पसरायचा, आयोडीनचा एक थेंब टाकून मिनिटभर थांबायचं. कव्हरस्लिप (वरून झाकायची पातळ काच) एका कडेवर टेकवून तिरकी सोडली नाही तर हवेचे बुडबुडे अडकतात, आणि जाड काळ्या कडेचे ते गोल मुलं हमखास ‘पेशी’ म्हणून वहीत काढतात. फोकस आधी १० वर. ४० वर गेल्यावर फोकसच्या मोठ्या चाकाला हात लावायचा नाही. तिथं भिंग आणि काच यांत मिलिमीटरभरही जागा नसते.

कोल्हापूरच्या रंकाळा तलावाचं नुसतं पाणी बाटलीत भरून आणलं तर थेंबात बहुधा काहीच सापडत नाही. जलपर्णीची मुळं बशीत पिळा आणि तळाचा गाळ ड्रॉपरनं घ्या. पॅरामेशियम (पाण्यातला एकपेशी जीव) पळायला लागला की कव्हरस्लिपखाली कापसाचे दोन-चार तंतू ठेवावेत, म्हणजे तो अडतो. रंग न दिलेले जीव भगभगीत उजेडात दिसत नाहीत, डायफ्रॅम (उजेड कमी-जास्त करायचं भोक) बारीक करा. आरसा थेट उन्हाकडं कधीही वळवायचा नाही, डोळ्याला इजा होते.

ऊस तर आपल्याकडं बांधावर. कोवळ्या कांड्याचा, गाठ टाळून, ब्लेडनं पातळ काप घेऊन सॅफ्रानिन या लाल रंगात दोन-तीन मिनिटं ठेवला, पाण्यात धुतला, की विखुरलेले वाहिनीपूल (पाणी-अन्न वाहणाऱ्या नळ्यांचे जुडगे) लाल उठून दिसतात. प्रत्येकात दोन मोठ्या नलिका डोळ्यांसारख्या. एकदलीचं खोड समजावायला याहून सोपं काही नाही.

दगडांच्या धड्याला मात्र हे यंत्र कुचकामी. पन्हाळ्याच्या जांभ्याचा किंवा आपल्या काळ्या बेसाल्टचा तुकडा स्टेजवर (नमुना ठेवायच्या पाटावर) ठेवला तर अंधारच दिसतो, कारण उजेड खालून येतो. दगड ०.०३ मिलिमीटर इतका पातळ घासला तरच आरपार दिसतो, आणि ते शाळेत होत नाही. त्यासाठी १० पटीचं हातभिंग वेगळं घ्याच. पंचगंगेची वाळू वाळवून कागदावर पसरा, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं चुंबक फिरवा. चिकटलेले काळे कण बहुतांशी मॅग्नेटाइटचे, बेसाल्ट झिजून आलेले. पिशवी उलटी केली की कण सुटतात. नुसत्या चुंबकाला चिकटले तर निघता निघत नाहीत.

तक्रारी दोन. स्टेज आपोआप खाली घसरते आणि फोकस जातो. मोठ्या चाकाजवळची टेन्शन रिंग थोडी आवळली की थांबते. दुसरी पावसाळ्याची : कोल्हापूरच्या दमट हवेत प्लॅस्टिक कव्हर घालून ठेवलं की भिंगावर बुरशीचे धागे चढतात आणि वरचा लेप खातात. ऑब्जेक्टिव्ह काढून सिलिका जेल घातलेल्या घट्ट डब्यात ठेवा, निळे खडे गुलाबी झाले की बदला. भिंग रुमालानं पुसू नका, लेन्स पेपरच वापरा.